आठ टक्के कमी पडणारं पेट्रोल

फेरीबोट गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्याला टेकली, पुढच्या दोन स्कूटर भुर्रकन वर चढून गेल्या आणि माझी मारुती काही सुरू होईना. मागे मासळीचा पिकअप, त्याच्यामागे आणखी दोन गाड्या. मी स्टार्टर मारतोय, तो नुसताच घरघरतोय. चोडण बेटावरून इकडे यायला जेमतेम काही मिनिटं लागतात. तेवढ्यासाठी इंजिन बंद केलं होतं, तेवढ्यातच त्याने संप पुकारला. फेरीवरच्या खलाशाने एकदा बॉनेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता डिकीला हात लावला. अजून तिघं आले. ओहोटीची वेळ, त्यामुळे चढ चांगलाच उभा. वर पोचल्यावर त्यांतला एक जण म्हणाला, "हलकी आहे हो, उचलूनच नेली असती."

हे मार्चमधलं. गाडी १९९३ची मारुती ८००, बाबांनी नवी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर आणि हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर. बाबा खाणीच्या ऑफिसात होते. डिचोलीच्या त्या लाल धुळीत गाडीने वीस वर्षं काढली. एअर फिल्टर झटकला की अंगणात रांगोळी पडायची. २०१२ला खाणी बंद पडल्या, बाबा त्याआधीच निवृत्त झाले होते. आता ते चालवत नाहीत, सोप्यावर बसून फक्त ऐकतात.

दुखणं वर्षभरापासून हळूहळू वाढत होतं. सकाळी चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ओढून ठेवावा लागायचा. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गचका खायची, मग पळायची. सिग्नलला आयडलिंग वर-खाली व्हायचं. गरम असताना बंद केली की पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय सुरू व्हायची नाही. एक गोष्ट मात्र विचित्र होती. डिसेंबरात बेळगावला जाताना चोर्ला घाट चढून माथ्यावर गेलो, तर गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. गचके जवळपास गायब. मी म्हटलं, थंड हवा मानवली असेल. खरं तर उत्तर तेव्हाच समोर होतं, मला ते वाचता आलं नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तेच सगळीकडे होतं. "कार्बोरेटर सफाई करू," म्हणून त्यांनी तो उतरवला, पेट्रोलात बुडवला, हवा मारली, बाजारातलं एक स्वस्त किट बसवलं आणि मिक्स्चरचा स्क्रू कानाने लावून दिला. दहा दिवस गाडी बरी होती. अकराव्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट.

मग सल्ले सुरू झाले. म्हापशाचा आतेभाऊ म्हणाला, "कशाला त्या डब्याशी झोंबतोस? भंगारात एमपीएफआय इंजिन मिळतं, टाकून दे." बोलणं वेडगळ नव्हतं. २०००च्या एप्रिलपासून देशभर प्रदूषणाचे नवे नियम आले, तेव्हा मारुतीने याच गाडीला इंजेक्शन दिलं, म्हणजे कार्बोरेटर काढून मोजून पेट्रोल फवारणारी व्यवस्था. एमपीएफआय ती हीच. ब्लॉक त्याच घराण्यातला, ६८.५ मिलिमीटर बोअर आणि ७२ चा स्ट्रोक, म्हणजे बसतो नीट. पण इंजिन बसवणं हे काम त्यातलं सगळ्यात सोपं. कार्बोरेटरच्या गाडीत कॅमशाफ्टवर चालणारा साधा पंप असतो, तो पेट्रोल नुसतं पुढे ढकलतो. इंजेक्शनला तीन बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे टाकीत इलेक्ट्रिक पंप आला, नवे पाइप आले. सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून ऑक्सिजन सेन्सर, मग ईसीयू म्हणजे इंजिनचा संगणक, मग त्याची सगळी वायरिंग. शिवाय आरटीओत इंजिन नंबर बदलून घेणं. एकाने पंचावन्न हजार सांगितले, "वायरिंग वेगळं" म्हणाला. तरी मी जवळपास तयार झालो होतो. फेरीवर ढकलगाडी झाल्यावर माणूस कशालाही तयार होतो.

ॲडव्हान्स द्यायच्या आदल्या दिवशी डिचोलीतल्या एका जुन्या मेस्तांकडे, म्हणजे मिस्त्रींकडे गेलो. मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीच्या ट्रकांपासून ॲम्बेसेडरपर्यंत सगळ्यांत हात घातलेला माणूस. मी कार्बोरेटरचं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. आधी बाकीचं खरं बोलतंय का बघू."

त्यांचा क्रम ठरलेला होता. थंड इंजिनवर टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, मग प्लग, मग ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर, मग टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. हे चारही बरोबर असल्याशिवाय मिक्स्चरच्या स्क्रूला हात लावायचा नाही, कारण स्पार्कमधली चूक कार्बोरेटरमध्ये भरून काढायला गेलं की दोन्ही बिघडतं. प्लग काढून त्यांनी फडक्यावर ओळीने ठेवले. तिन्हींच्या टोकाचं चिनीमातीचं नळकांडं पांढरंफटक, दोन नंबरचं तर नुकतं धुतल्यासारखं. चांगल्या जळणाऱ्या इंजिनात ते फिकट तपकिरी, दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचं हवं. पांढरं म्हणजे लीन. हवा जास्त, पेट्रोल कमी.

पॉइंट एका बाजूने खडबडीत झाले होते. ते बदलले, फीलर गेजने फट लावली. टायमिंग लाइट लावला, तर खूण जागेवर होती. पण रेस केल्यावर ती जेवढी सरकायला हवी तेवढी सरकेना. मेस्तांनी ठिणगी प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरच्या बाजूने सोडवली, टोक फडक्याने पुसलं, तोंडात धरलं आणि ओढलं. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा रबरी पडदा चांगला असेल तर जीभ चिकटते आणि आतली प्लेट हलते. इथे नुसतीच हवा येत राहिली. "फाटलाय," ते नळी तोंडातच ठेवून म्हणाले. वीस सेकंदांची तपासणी, शून्य खर्च. आधीच्या गॅरेजमध्ये गाडी दोन दिवस होती.

तो भाग फोंड्याच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. पडद्यासाठी अख्खा डिस्ट्रिब्युटर घ्यावा लागला, ते असू दे.

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या बुडाशी गंजावरचा स्प्रे थोडा थोडा मारायला सुरुवात केली. मागच्या कोपऱ्यात फवारा गेला आणि इंजिनचा आवाज क्षणभर चढला. म्हणजे तिथून चोरटी हवा आत जात होती. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा जाड इन्सुलेटर असतो, त्याला केसासारखी भेग गेली होती. सफाई करताना कोणी बोल्ट जास्त आवळले असणार. त्या भेगेने मिक्स्चर आणखी पातळ केलं होतं. फेरीवर इंजिन बंद केल्यावर त्याच्या तापाने कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये साठलेलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांत सांडत होतं. म्हणून ती सुरू होईना. आणि मी शहाणा तिथे चोक ओढून आणखी पेट्रोल पाजत होतो. अशा वेळी चोक पूर्ण आत ढकलायचा, ॲक्सिलरेटर खालपर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही आणि स्टार्टर मारायचा.

शेवटी कार्बोरेटर उघडला. नव्या किटमधला ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा फुगून जिलेबीसारखा वेडावाकडा झालेला. बाऊलच्या तळाशी पांढरी भुकटी. मेस्तांनी ती नखावर घेऊन दाखवली.

"हे पूर्वी नसायचं. पेट्रोल बदललंय."

ई-ट्वेंटी म्हणजे पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, हे पंपावरच्या पाटीवरून माहीत होतं. पण मास्तरकीची खोड, मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. शाळेच्या प्रयोगशाळेतलं शंभर मिलिलिटरचं मोजपात्र आणलं, अंगणात, उघड्यावर. त्यात २० मिलिलिटर पाणी, वर ८० मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून हलवलं, ठेवून दिलं. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याचा ओढा जास्त, ते पेट्रोल सोडून खाली उतरतं. पाच मिनिटांनी खालचा थर छत्तिसाच्या रेघेला जरासा कमी होता. २० चं पाणी ३६ झालं, म्हणजे १६ मिलिलिटर इथेनॉल. ८० तले १६. पाटी खरं बोलत होती.

आता गणित. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला ९ किलो पुरते. २० टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला साधारण ८ टक्के जास्त पेट्रोल हवं. माझा कार्बोरेटर १९९३च्या पेट्रोलसाठी भोकं पाडलेला. त्याला काय कळणार? हवा जाते, दाब कमी होतो, जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, ठरलेलं पेट्रोल वर चढतं. त्यात काय मिसळलंय हे विचारायची सोयच नाही.

ताईकडे २०१५ची ऑल्टो ८०० आहे. तीच ७९६ सीसी, तेच तीन सिलिंडर, फक्त इंजेक्शन. तिच्या गाडीला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाइलवर फ्युएल ट्रिम पाहिला. ईसीयू आपल्या मूळ हिशेबापेक्षा पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय, त्याचा हा आकडा. साखळीला जाऊन परत येईपर्यंत तो अधिक सहा ते अधिक नऊच्या मध्ये खेळत होता. सायलेन्सरमधला सेन्सर धुराचा ऑक्सिजन बघतो, पेट्रोल कमी पडतंय म्हणून सांगतो, ईसीयू इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. "माझी गाडी बिघडलीय का रे?" तिने विचारलं. तिची गाडी मी दोन महिने कागदावर जे करत होतो ते चालता चालता आपोआप करत होती.

धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि कार्बोरेटर गेला तो यासाठीच. कन्व्हर्टरला मिक्स्चर त्या १४.७ च्या अगदी काठावर धरलेलं लागतं, आणि नुसत्या जेटने ते क्षणोक्षणी धरता येत नाही. कार्बोरेटरवाले "आवाज", "जीव" असलं काहीबाही बोलतात, मीही बोलतो. पण रोज पणजीला नोकरीला जायला हीच एक गाडी असती, तर मी पंचावन्न हजार मोजून मोकळा झालो असतो. माझी गाडी आठवड्यातून दोनदा निघते, आणि पावसाळ्यात डिचोलीच्या दमट हवेत जोडलेली ती सगळी वायरिंग मला पुढची दहा वर्षं झोपू देणार नाही. म्हणून कार्बोरेटर ठेवला.

नवा इन्सुलेटर, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप आणि बरा पडदा बसवून झाल्यावर आम्ही पीयूसी केंद्रात गेलो. ही मेस्तांची युक्ती मला फार आवडली. धूर मोजायचं यंत्र घ्यायला लाखभर रुपये लागतील, पण पीयूसीवाल्याकडे ते आहेच. माझ्या काळातल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. इंजेक्शनच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा अर्ध्या टक्क्याची किंवा त्याहून कमी. पहिला आकडा आला ०.३ आणि ९४०. पीयूसीवाला खूश, "एकदम पास, नव्या गाडीसारखी!" मेस्त मात्र मान हलवत होते. कार्बन मोनॉक्साइड इतका कमी म्हणजे पेट्रोल अपुरं, आणि हायड्रोकार्बन जास्त म्हणजे मधूनच एखादा ठोका न जळता बाहेर जातोय. मिक्स्चरचा स्क्रू पाव वळसा बाहेर, थांबायचं, आकडा बघायचं, आयडलिंग परत नऊशेच्या आसपास आणायचं. पुन्हा पाव वळसा. १.४ आणि ३१० ला इंजिन असं गप्प झालं की पंख्याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला.

"साहेब," पीयूसीवाला म्हणाला, "इथे लोक कमी करायला येतात. तुम्ही वाढवायला आलात."

पण हा स्क्रू फक्त आयडलिंगपुरता. रस्त्यावर साठच्या वेगात पेट्रोल मेन जेटमधून येतं आणि तिथे स्क्रू नसतो, नुसतं भोक असतं. ते वाढवायचं. जेटवर कोरलेला आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. ८ टक्के जास्त पेट्रोल म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्के जास्त, म्हणजे व्यास फक्त ४. शंभराचं एकशेचार. माणसाच्या केसाच्या निम्म्याइतका फरक. बाजारातली बारीक ड्रिल पाच-पाचच्या टप्प्याने मिळतात, ती चालेनात, आणि तयार जेट या मापात कुठे मिळेना.

म्हापशाच्या बाजारात एक घड्याळजी आहेत. त्यांच्याकडे ब्रोच असतात, पाच धारांच्या, टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या सुया. घड्याळाच्या प्लेटमधली भोकं कणाकणाने वाढवायला. मी जेट समोर ठेवला आणि काय हवंय ते सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, जेट चिमटीत धरला, विचारलं, "कुठल्या घड्याळाचं?"

मोजायचं कसं, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी घरून नेलं होतं. एका मोठ्या सिरिंजच्या बुडाला जेट बसवायचा, रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि ५० मिलिलिटर वाहून जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघायचं. सुरुवातीला ७८ सेकंद लागत होते. ८ टक्के जास्त म्हणजे ७२ वर थांबायचं. घड्याळजींनी ब्रोच घातली, दोन बोटांत अर्धा फेरा दिला, काढली, पितळेची धूळ फुंकली. ७७. पुन्हा अर्धा फेरा, यावेळी दोन्ही बाजूंनी, भोक शंकूसारखं होऊ नये म्हणून. ७५. त्यांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं घड्याळाचे सेल बदलायला थांबली होती, तीही सेकंद मोजायला लागली. ७४. मग त्यांनी मला थांबवलं, भिंगातून एक कड पाहिली, ब्रोच अगदी हलकी, जवळजवळ न दाबता फिरवली. ७२ आणि थोडं. "आता हात लावत नाही," ते म्हणाले. "वाढवता येतं, बुजवता येत नाही." सेल बदलायचे घेतात तेवढेच पैसे घेतले.

मूळ जेट मी न छेडता जपून ठेवलाय. घड्याळजींकडे नेलेला तो फोंड्याच्या भंगारवाल्याकडूनच घेतलेल्या दुसऱ्या कार्बोरेटरमधला. कोणाला करायचं असेल तर आपल्या एकुलत्या जेटवर प्रयोग करू नका.

खरी परीक्षा केरीकडच्या रस्त्यावर. सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. साठवर एकसारखी चालवायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद आणि गाडी कडेला. किल्ली एकच टप्पा मागे, पूर्ण फिरवली तर स्टिअरिंग लॉक व्हायचं. लगेच प्लग काढायचे. आयडलिंगला थोडी जरी गाडी चालली तरी प्लगवरचा रंग खोटा होतो. बोटं भाजून घेऊन तिन्ही काढले. एक आणि तीन चहाच्या रंगाचे, दोन नंबर किंचित फिकट. मेस्त म्हणाले, मधल्याचं असंच असतं, सोडा.

तसेच पुढे चोर्ला चढलो, मला ते डिसेंबरचं कोडं सोडवायचं होतं. माथा आठशे मीटरच्या आसपास. तिथे हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ, कार्बोरेटर मात्र पेट्रोल त्या मानाने कमी करत नाही, म्हणून मिक्स्चर चारेक टक्क्यांनी घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. डिसेंबरात इथेनॉलमुळे पडलेली तूट घाटाने जवळपास अर्धी भरून काढली होती. थंड हवेचा काही संबंध नव्हता, उलट थंड हवा दाट असते. आता जेट वाढवल्यावर वर गाडी थोडी जड वाटली, सायलेन्सरच्या टोकाला हलकी काजळी. चालेल. मी राहतो खाली.

मेच्या शेवटी सगळं आटोपलं. पावसात टाकी शक्यतो भरलेली ठेवायची असं ठरवलंय. रिकाम्या टाकीतल्या दमट हवेतलं पाणी इथेनॉल शोषून घेतं आणि पाणी जास्त झालं की ते पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतं. आणि गाडी दर तीन दिवसांनी फिरवून आणायची.

पहिल्या मोठ्या पावसाच्या सकाळी गाडी काढली. अर्ध्या स्टार्टरवर सुरू झाली. मी फाटकाशी उतरून उगाच आयडलिंग ऐकत उभा राहिलो, ट्रिम, जेट, बहात्तर सेकंद असं काय काय डोक्यात. सोप्यावरून बाबांचा आवाज आला.

"चोक आत ढकल. विसरलास."